पृथ्वीचें गणित आणि तालुक्याचा पाऊस



भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या वतीनें २०२० सालीं एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. या देशाच्या हवामानांत आजवर कोणता फेरफार घडून आला आणि चालू शतकाच्या अखेरीस तें कोणत्या थरास जाईल, याचा केवळ भारतापुरता साकल्यानें केलेला तो पहिलाच सरकारी विचार होय. पुण्याच्या पाषाण भागांत भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. या ग्रंथाचें संपादन मुख्यतः तेथील शास्त्रज्ञांनीं केलें. त्यांतील एक आंकडा वर्तमानपत्रांनीं उचलला आणि तो घरोघर पोहोंचला. कोळसा व तेल यांचें ज्वलन असेंच अनिर्बंध वाढत राहिलें, तर शतकाच्या अखेरीस देशाचें सरासरी तापमान १९७६ ते २००५ या तीस वर्षांच्या मानानें सुमारें ४.४ अंश सेल्सिअसनें वाढेल, असा तो आंकडा.

हा आंकडा खोटा नाहीं. परंतु तो वाचून सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील बाजरी पिकविणारा शेतकरी जर विचारूं लागला, कीं ‘माझ्या शिवारांत पाऊस किती पडेल तेवढें सांगा,’ तर त्याच ग्रंथाचे कर्ते त्याला एका आंकड्यांत उत्तर देणार नाहींत. ही टाळाटाळ नव्हे. देशाच्या तापमानाविषयीं ठामपणें बोलणारें गणित तालुक्याच्या पावसापाशीं येऊन अडखळतें, आणि तें कां अडखळतें हें समजल्यावांचून अशा ग्रंथांचा खरा उपयोग होत नाहीं. उलट अपाय मात्र होण्याजोगा आहे. धरणाचा सांडवा किती रुंद ठेवावा, शहराच्या गटारांतून किती पाणी वाहून जावें, कोणत्या वाणाचें बियाणें जवळ करावें, हे सारे निर्णय पन्नास-पन्नास वर्षें भोंवणारे असतात. आणि ते घेणाऱ्या माणसाला कोणी तरी एक नेमका आंकडा हातांत ठेवला कीं हायसें वाटतें.

पुढच्या पावसाचा अदमास आधीं बांधण्याची धडपड या देशांत जुनी आहे. पंचांगकर्ते मृगाचें वाहन म्हैस कीं बेडूक हें सांगत आले, तो भाग निराळा. शास्त्रीय रीतीची खटपट १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर सुरू झाली. हवामानखातें १८७५ सालीं निघालेंच होतें. त्याचे प्रमुख ब्लॅन्फोर्ड यांनीं हिमालयावर बर्फ अधिक पडलें तर पुढील पाऊस उणा पडतो, असा संबंध पाहून १८८२ पासून चाचणीदाखल आणि १८८६ पासून नियमानें पावसाळ्याचीं भाकितें दिलीं. १९०४ ते १९२४ या काळांत त्या खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे पट्टीचे गणिती. त्यांनीं जगभरच्या वेधशाळांचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले आणि प्रशांत महासागराच्या वायुभाराचा व भारताच्या पावसाचा संबंध जोडला. या सर्व रीतींचा पाया एकच: मागें असें झालें होतें तेव्हां तसें घडलें, म्हणून पुढेंही घडेल. परंतु हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण मनुष्याच्या इतिहासांत कधीं नव्हतें इतकें चढलें असतां ‘मागें’ या शब्दाचा आधार सुटतो. मागें असें कधीं झालेंच नव्हतें. तेव्हां अनुभवाच्या जागीं पदार्थविज्ञानाचे नियम घेऊन मुळापासून हिशेब मांडणें भाग पडलें.

तसा हिशेब मांडण्याची कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसन यांनीं १९२२ सालीं ग्रंथरूपानें पुढें ठेवली. वातावरणाच्या काल्पनिक चौकटी पाडाव्या, प्रत्येक चौकटींतील वायुभार, उष्णता, ओलावा व वारा यांची नोंद घ्यावी, आणि शेजारची चौकट हिला काय देते व हिच्यापासून काय घेते याचा जमाखर्च घटकेघटकेला मांडीत जावें. त्यांनीं हातानें केलेल्या पहिल्या हिशेबांत सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनीं बदलेल असें निघालें. प्रत्यक्षांत तो जवळ जवळ जागचा हललाही नव्हता. तरी गृहस्थ खचले नाहींत. एका प्रचंड नाट्यगृहासारख्या दालनांत ६४,००० माणसें बसवून सर्व पृथ्वीच्या हवेचें गणित करावें, असें चित्र त्यांनीं त्याच ग्रंथांत रंगविलें. माणसांच्या जागीं पुढें संगणक आला. १९६७ सालीं मानाबे व वेदरल्ड यांनीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी सुमारें २.३ अंशांनीं तापेल असें काढलें. त्या मानाबे यांस २०२१ सालीं पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज याच प्रश्नाचें उत्तर ३ अंशांच्या आसपास मानतात. अर्ध्या शतकांत आंकडा फारसा हलला नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे. अशा गणितास इंग्रजींत मॉडेल म्हणतात; येथें त्यास प्रतिमान म्हणूं या.

आतां खरी अडचण चौकटींची. जगाच्या प्रतिमानांत एका चौकटीची बाजू साधारणतः १०० किलोमीटर असते. कांहींची २०० च्या घरांत जाते. पुण्याच्या संस्थेनें सिद्ध केलेलें प्रतिमान हें या प्रकारचें भारतांतील पहिलें. त्याच्या वातावरणाची चौकट सुमारें २०० किलोमीटरांची आहे. श्रोत्यांनीं थोडें अंकगणित करावें. महाराष्ट्राचें क्षेत्रफळ सुमारें ३,०८,००० चौरस किलोमीटर. १०० किलोमीटर बाजूची एक चौकट १०,००० चौरस किलोमीटरांची. म्हणजे सबंध महाराष्ट्राच्या वांट्यास ३१ चौकटी आल्या. तालुके ३५८. चौकट २०० किलोमीटरांची धरली तर कोंकणापासून चांद्यापर्यंतचा मुलूख आठ चौकटींत संपतो.

एका चौकटीस एकच उंची, एकच पाऊस, एकच तापमान. तींत डोंगर मावत नाहीं. डोंगराची सरासरी मावते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तेथें वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस घाट उतरून वाईस आलें कीं तो हजाराच्याही खालीं येतो, आणि माण तालुक्याच्या दहिवडीस पोहोंचेपर्यंत पांचशेंच्या आसपास उरतो. महाबळेश्वर आणि दहिवडी यांमधील सरळ अंतर १०० किलोमीटरांहून कमी आहे. कृष्णेचें उगमस्थान आणि माणदेशचें माळरान हीं दोन्ही प्रतिमानाच्या एकाच चौकटींत बसूं शकतात, आणि त्या चौकटीचा जो पाऊस निघेल तो या दोहोंपैकीं कोणत्याही गांवीं कधीं पडत नाहीं. सह्याद्रि हा आडवा येऊन ढग अडवितो म्हणून कोंकण हिरवें आणि देश कोरडा, हें चौथीच्या मुलाला ठाऊक असतें. जगाच्या प्रतिमानाला मात्र तें ठाऊक नसतें, कारण त्याच्या नकाशावर सह्याद्रि हा एक बेताचा चढ आहे.

मग चौकटी बारीक कां करीत नाहींत? करतात, परंतु त्यास मोल पडतें. चौकटीची बाजू निम्मी केली कीं त्याच भूमीवर चौपट चौकटी होतात, आणि हिशेबाची घटकाही निम्मी करावी लागते, म्हणून काम आठपट वाढतें. तें शंभर वर्षांसाठीं आणि साऱ्या पृथ्वीसाठीं करावयाचें, तेंही एकदां नव्हे, अनेकदां. २०२४ सालीं पाषाणच्या संस्थेंत ‘अर्का’ नांवाचा महासंगणक बसविण्यांत आला. असली यंत्रेंही या कामापुढें थिटीं पडतात.

म्हणून तोड काढली ती अशी, कीं सर्व पृथ्वीचें गणित मोठ्या चौकटींनीं करावें आणि आपल्यास पाहिजे तेवढ्या प्रदेशाभोंवतीं कुंपण घालून त्याच्या आंत बारीक चौकटींचें दुसरें प्रतिमान चालवावें. कुंपणावरून आंत येणारा वारा, ओलावा व उष्णता मोठ्या प्रतिमानानें पुरवावयाची. आंतील डोंगर, दऱ्या, किनारा यांचा हिशेब लहान्यानें करावयाचा. दक्षिण आशियासाठीं अनेक देशांच्या संस्थांनीं मिळून असें काम केलें आहे. त्यांतील चौकट ५० किलोमीटरांची आहे, आणि वर सांगितलेल्या अहवालानें त्या कामाचा आधार घेतला आहे. चौकट ५० वर आणि पुढें २५ वर आली कीं सह्याद्रि डोकें वर काढूं लागतो, घाटमाथ्यावर पाऊस दाटतो, पूर्वेस पर्जन्यछाया पडते. नकाशा एकदम ओळखीचा दिसूं लागतो.

आणि येथेंच फसगत होण्याचा संभव अधिक. नकाशा ओळखीचा दिसला म्हणजे भविष्य खरें ठरलें असें नव्हे. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? भारतावरील पावसाळा हा अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि तो वारा कुंपणाबाहेरून, म्हणजे मोठ्या प्रतिमानाकडून यावयाचा. जगाच्या पुष्कळ प्रतिमानांत अरबी समुद्राचा उत्तर भाग असावा त्याहून थंड निघतो आणि भारताच्या भूमीवर पाऊस असावा त्याहून कमी पडतो. हा दोष लहान प्रतिमानानें धुऊन निघत नाहीं. तो बारीक नक्षीकामांत दिसेनासा होतो एवढेंच. दुसरी गोष्ट, पावसाळ्यांतले गडगडणारे ढग पांच-दहा किलोमीटर रुंदीचे. ते ५० किलोमीटरांच्या चौकटींतही मावत नाहींत. तेव्हां ‘चौकटींत ओलावा इतका आणि उष्णता इतकी, तर ढगांतून पाऊस अमुक’ असे ठोकताळे घालावे लागतात. ते निराधार नसतात. पण दर शास्त्रज्ञमंडळाचे ते निराळे, आणि म्हणून दर प्रतिमानाचा पाऊस निराळा. एक रीत अशीही आहे, कीं पंचवीस-तीस प्रतिमानांची सरासरी काढावी. सरासरी बहुधा एकेकट्याहून बरी निघते, हें खरें. मात्र यांतील कित्येक प्रतिमानें एकमेकांचीं भाऊबंद आहेत, एकाचे ठोकताळे दुसऱ्यानें घेतलेले आहेत; एकाच घरच्या दहा साक्षीदारांनीं एकच जबानी दिली तर न्यायाधीश तिला दहा जबान्या मानीत नाहीं.

या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे मागील साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव. पृथ्वी तापली कीं हवेंत ओलावा अधिक राहतो, दर अंशास सुमारें ७ टक्के अधिक. म्हणून पावसाळ्याचा पाऊस वाढेल, असें बहुतेक सर्व प्रतिमानें एकमुखानें सांगतात. आणि प्रत्यक्षांत काय झालें? १९५१ ते २०१५ या काळांत भारताचा पावसाळी पाऊस सुमारें ६ टक्क्यांनीं घटला. गंगेच्या मैदानांत आणि सह्याद्रीच्या रांगेंत ही घट विशेष दिसली. वरवर पाहणारा म्हणेल, कीं प्रतिमानें सपशेल आपटलीं. पण शोध घेतां असें आढळलें, कीं तापविणाऱ्या वायूंच्या जोडीला याच काळांत गिरण्यांच्या धुराड्यांतून, विजेच्या कारखान्यांतून आणि चुलींतून धूर व गंधकाचे सूक्ष्म कण आकाशांत दाट झाले. ते सूर्याचा ताप जमिनीपर्यंत पोहोंचूं देत नाहींत. जमीन समुद्राहून जास्त तापावी तेव्हां समुद्रावरचा वारा जमिनीकडे धांवणार. इकडे जमिनीवर धुराचें छत आणि तिकडे हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या अवधींत सुमारें १ अंशानें तापलेला. ओढच कमी झाली. धुराच्या कणांचा हा हिशेब धरला म्हणजे प्रतिमानांतही पावसाची घट बऱ्याच अंशीं दिसते.

याचा अर्थ पुढच्या काळासाठीं फार मोठा आहे. धुराचे कण दिवस-आठवड्यांत पावसानें धुपून जातात; कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकें टिकतो. आज ना उद्यां भारत व चीन येथील धुराडीं स्वच्छ होतील, छत विरळ होईल, आणि तोंवर साठलेल्या वायूंचा जोर मोकळा होऊन पाऊस वाढूं लागेल, असा प्रतिमानांचा रोख आहे. तें वळण केव्हां येईल? हें ढगांच्या गणितावर तितकें अवलंबून नाहीं, जितकें कारखान्यांविषयींच्या कायद्यांवर आहे. कोणत्या देशानें कोळसा किती जाळावा हें कोणतेंही समीकरण सांगत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ भाकीत म्हणत नाहींत. ‘असें वागलां तर असें होईल’ अशा तीन-चार वाटा मांडतात. ४.४ अंश हा त्यांतील वाईटांत वाईट वाटेच्या शेवटचा मुक्काम आहे. ती अट गाळून नुसता आंकडा छापणारीं पत्रें वाचकांवर अन्याय करतात.

शिवाय सरासरीच्या पोटांत काय दडलेलें असतें पाहा. एकूण पाऊस घटत असतांना त्याच सुमारास, १९५० ते २०१५ मध्यें, मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरांहून अधिक कोसळण्याचे प्रसंग सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही दुहेरी हानि: वर्षाचें पाणी उणें, आणि जें आलें तें माती घेऊन गेलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला; त्याच वेळीं कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटरांच्या आसपास. मध्यें अंतर २५ किलोमीटरांच्या आंत. ही घटना ५० किलोमीटरांच्या चौकटींत कशी दिसावी?

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रतिमानांत २०४७ सालीं दुष्काळ दिसला, म्हणून त्या सालीं दुष्काळ पडणार असें कोणी समजूं नये. प्रतिमानाचें वर्ष हें पंचांगाचें वर्ष नव्हे. १९७२ चा महाराष्ट्राचा दुष्काळ प्रतिमानाच्या १९७२ सालीं सांपडेल असें नाहीं. कदाचित् १९६८ सालीं सांपडेल, कदाचित् १९८१ सालीं, कदाचित् लागोपाठ दोन सांपडतील. सुरुवातीच्या तापमानांत केसाएवढा फरक केला कीं तेंच प्रतिमान, त्याच नियमांनीं, वर्षांचा क्रम निराळा लावतें. जगाच्या तापमानांत हा खेळ थोड्याच वर्षांत बुडून जातो. एका जिल्ह्याच्या पावसांत तो वीस-तीस वर्षांच्या सरासरीसही झुकवूं शकतो. प्रतिमानास विचारावयाचें तें ‘दुष्काळ केव्हां?’ हें नव्हे. ‘तीस वर्षांत किती वेळां, आणि पूर्वीहून किती तीव्र?’ हें.

तर मग विश्वास कशावर ठेवावा? उष्णतेवर ठेवावा. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंशानें वाढलेंच आहे, आणि पुढील वाढीच्या दिशेविषयीं एकही प्रतिमान उलट बोलत नाहीं. रात्री दिवसांहून झपाट्यानें तापतील, हेंही बहुतेक सारीं सांगतात. उन्हांत राबणाऱ्या माणसाला रात्रीचा गारवा न मिळणें हें दुपारच्या उन्हाइतकेंच घातक, याची नोंद नगरपालिकांनीं घेतली पाहिजे. समुद्र चढेल यावर ठेवावा. मोठे पाऊस अधिक मोठे होतील यावरही ठेवावा, जरी नेमके कोठें हें सांगतां न आलें. पण ‘अमुक तालुक्याचा पाऊस अमुक टक्क्यांनीं वाढेल,’ असा रंगीत नकाशा कोणी पुढें केला, तर त्याला एवढेंच विचारावें, कीं हा किती प्रतिमानांचा कौल आहे आणि उरलेल्यांनीं काय सांगितलें. चांगला अभियंता एक आंकडा मागत नाहीं. तो दहाही प्रतिमानांचे पूर आपल्या नियोजित सांडव्यावरून कागदावर सोडून पाहतो आणि कितव्यास भिंत धोक्यांत येते तें टिपून ठेवतो.

प्रतिमानाच्या आंकड्यांना स्थानिक दुरुस्ती देण्याची रीतही आहे. घड्याळ रोज पांच मिनिटें मागें पडतें हें ठाऊक असलें, कीं माणूस मनांत पांच मिनिटें मिळवून वेळ सांगतो. तसेंच प्रतिमानाचा मागील तीस वर्षांचा पाऊस प्रत्यक्ष पावसाशीं ताडून जी तूट निघेल ती पुढील हिशेबांत भरून काढतात. घड्याळ उद्यांही पांचच मिनिटें मागें पडेल असें यांत धरलेलें असतें, आणि तापलेल्या पृथ्वीवर तें तसेंच राहील याची हमी नाहीं. तरीही दुसरा मार्ग नसल्यानें ही दुरुस्ती करतात. ती करावयास लागणारा प्रत्यक्ष पाऊस महासंगणकांत नसतो. हवामानखात्यानें देशभरच्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी जुळवून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस २५ किलोमीटरांच्या चौकटींत बसविला आहे; पण त्यांतल्या सर्वच वह्या पुऱ्या नाहींत. कोठें दहा वर्षांचा खाडा, कोठें ऐन पावसाळ्यांतलें पान कोरें. जेथें वही कोरी, तेथें प्रतिमानाची चूक किती हें काढावयास कांहीं साधन नाहीं, मग चौकट कितीही बारीक असो. दहिवडीच्या पर्जन्यमापकांत उद्यां सकाळीं साडेआठ वाजतां जें पाणी मोजलें जाईल, मग तें शून्य कां असेना, तें २०५० सालच्या अशाच एका ताळ्यास लागणार आहे.